भिकू म्हात्रे की सामरी? गँगस्टरपट आणि जुने स्वस्तातले भयपट

पडद्यामागून

माझं एक मत मांडतो, मग तुमची ऐकतो. हिंदीतले गँगस्टरपट आणि सत्तर-ऐंशीच्या दशकातले कमी पैशातले भयपट यांना आपण फार वेगवेगळ्या पंगतीला बसवतो. 'सत्या', 'परिंदा', 'अर्धसत्य' म्हटलं की गंभीर चर्चा होते. रामसे बंधूंचं नाव काढलं की लोक हसायला लागतात. मला हे अन्यायाचं वाटतं.

गेल्या काही महिन्यांत दोन्हीकडचे बरेच सिनेमे सलग पुन्हा पाहिले. 'सत्या' (१९९८), म्हणजे गुंड भिकू म्हात्रेचा सिनेमा, आजही अंगावर येतो. पण रामसेंचा 'पुराना मंदिर' (१९८४), म्हणजे सामरी नावाच्या राक्षसाचा सिनेमा, पाहतानाही काही जागी मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. दोन्हीकडे भीती जागेमुळे तयार होते असं मला वाटतं. तिथे ओल धरलेली चाळ आणि पाऊस, इथे रिकामा वाडा आणि लांबलचक ओसरी. उलट २००५ नंतरचे बरेचसे गँगस्टरपट मला पुन्हा बघवत नाहीत. त्यात माणसं मंदगतीत चालतात, गॉगल लावतात आणि संवाद फेकतात. शहर कुठेच नसतं.

तर प्रश्न असा: या दोन्ही प्रकारांतला कुठला सिनेमा किंवा कुठला प्रसंग तुमच्यावर आजही काम करतो, आणि का?

कांदेपोहे_२

भिकू म्हात्रे. धागा संपला. :)

निशाचर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

अपर्णा_ठाणे

'सत्या'बद्दल सहमत, रामसेंबद्दल नाही. पडद्यामागून, तुम्ही वाड्याची ओसरी पाहिलीत, मला त्या सिनेमांत दर वीस मिनिटांनी येणारी आंघोळ दिसते. नायिकेला पाण्यात उतरवायचं, कॅमेरा रेंगाळवायचा, मग हात दाखवायचा. 'वीराना'त (१९८८) तर सगळी भीतीच बाईच्या देहाला चिकटवली आहे. ती सुंदर आहे म्हणून धोकादायक. शिवाय जंगलात राहणारी माणसं म्हणजे सैतानाचे पुजारी, हेही ठरलेलं. शाळेत असताना मी घाबरले होते, हे खरं. आज राग येतो. भीती टिकली नाही, पण राग टिकलाय.

आणि 'पुराना मंदिर'मधला जगदीपचा विनोदी मच्छरसिंग! मुख्य कथेत बाळंतपणात बायका मरतायत, पिढ्यान् पिढ्यांचा शाप आहे, आणि मधेच 'शोले'ची नक्कल सुरू. इतकी चांगली बांधलेली भीती स्वतःच्या हाताने सोडून द्यायची?

मुरुडचा_वारा

माझं गाव मुरुड, त्यामुळे लिहितोच. 'पुराना मंदिर'मधला वाडा म्हणजे आमच्या जंजिऱ्याच्या नवाबाचा राजवाडा. समुद्राकडे तोंड करून उंचावर आहे, रस्त्यावरून दिसतो. खाजगी मालमत्ता, आत सोडत नाहीत. तरी पर्यटक फाटकाशी गाडी थांबवून फोटो काढतात, आणि त्यातले निम्मे "सामरीचा वाडा कुठला हो?" असं विचारतात. किल्ल्याचं नाव नंतर.

पावसाळ्यात संध्याकाळी त्या बाजूला गेलात तर ढग खाली आलेले असतात, समुद्र करडा असतो, वाड्याचे घुमट तेवढे दिसतात. रामसेंनी तिथे वेगळं काही उभारलं नसतं तरी चाललं असतं. जागेबद्दल धागाकर्त्यांचं म्हणणं म्हणून पटलं.

लालबागकर

आता गँगस्टरपटांबद्दल एक तक्रार. ही टोळीची माणसं आली कुठून, हे बहुतेक सिनेमे सांगतच नाहीत. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. संप रीतसर मिटलाच नाही. आमच्या चाळीत बाप घरी बसलेला, आई डबे करायला लागलेली, आणि अठरा-वीस वर्षांची पोरं नाक्यावर. त्या पोरांना कोणी पाचशे रुपये दिले तर काय होतं हे आम्ही जिन्यावरून पाहिलंय.

सिनेमात मात्र नायक एकतर लहानपणी अन्याय झालेला, नाहीतर अपघाताने खून झालेला. 'वास्तव' (१९९९) मला आवडतो, रीमा लागूंची आई तर विसरताच येत नाही. पण तिथेही पावभाजीच्या गाडीवरच्या भांडणातून सगळं सुरू होतं. गिरणीचा भोंगा बंद पडल्याचा हिशोब मला जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकात मिळाला, आणि त्यावरून महेश मांजरेकरांनीच २०१० साली केलेल्या 'लालबाग परळ'मध्ये काही प्रमाणात. ज्या दिग्दर्शकाने 'वास्तव' केला त्यालाच अकरा वर्षांनी मागे जाऊन कारण दाखवावंसं वाटलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पडद्यामागून

लालबागकर, हा प्रतिसाद स्वतंत्र धागा होण्याच्या लायकीचा आहे. लिहा ना.

सांगोल्याचा_तंबू

मुंबईकरांचं झालं असेल तर आमचंबी ऐका. आमच्याकडं जत्रेत तंबू थेटर यायचं. एका बाजूला बायका, एका बाजूला बापय, मधी कनात. पडद्याच्या मागं बसलं तरी पिच्चर दिसायचा, फकस्त उलटा. रामसेचा पिच्चर लागला की बायकांच्या बाजूची गर्दी कमी व्हायची आन् पोरांची डबल. मशीनवाला रीळ बदलायला थांबला की अंधारात कोणतरी 'सामरीऽऽ' म्हणून वरडायचं आन् सगळा तंबू हलायचा.

अपर्णाताई, तुमचा मुद्दा बरोबर आहे, बायकांना ते बघवत नसंल. पण मच्छरसिंगचं सांगतो. तंबूत दोन-अडीच तास नुसती भीती चालत न्हाई. लोकांना श्वास घ्यायला जागा लागती. पिच्चर विकत घेणारा बी बघायचा, गाणी हायत का, मारामारी हाय का, हसायला हाय का. एका तिकिटात सगळं पाहिजे. आमच्याकडं 'सत्या' दोन दिवसांत उतरला. 'पुराना मंदिर' दरसाल यायचा.

अपर्णा_ठाणे

दादा, पडद्यामागे बसून उलटा सिनेमा, हसून हसून पुरेवाट! श्वास घ्यायच्या जागेचं पटलं. मच्छरसिंगला अर्धी माफी. आंघोळीला नाही.

रीळ_आणि_रंग

मी चित्रीकरण विभागात काम केलं आहे, त्यामुळे थोडं तांत्रिक.

रामसेंचा कारभार घरचा होता. वडील एफ. यू. रामसे यांचा कराचीत रेडिओचा धंदा, फाळणीनंतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला दुकान. १९७० साली त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' आपटला. पण पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करतात, तेवढाच प्रसंग बघायला लोक पुन्हा येतात हे मुलांच्या लक्षात आलं. तिथून १९७२ चा 'दो गज जमीन के नीचे' आला. घरची मंडळी आणि मोजके कलाकार घेऊन महाबळेश्वरला जाऊन केलेला. सात भाऊ: कुमार लिहायचे, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन, गंगू कॅमेरा, किरण ध्वनी, अर्जुन संकलन, केशू निर्मितीकडे. पगार घरातल्या घरात.

आता पडद्यावर ते सगळं लाल-हिरवं-निळं का दिसतं? त्या काळच्या फिल्मला भरपूर उजेड लागायचा. खऱ्या अंधारात काही उमटायचंच नाही. म्हणून दिव्यावर जिलेटिनचा रंगीत कागद लावायचा आणि निळ्या उजेडाला रात्र म्हणायचं. धूर सोडला की मागचा अर्धवट सेट झाकला जातो आणि उजेडाचा पट्टाही दिसतो. झूम सारखा मागेपुढे होतो, कारण ट्रॉलीचे रूळ टाकायला वेळ जातो आणि वेळ म्हणजे भाडं. दाराची करकर, वटवाघूळ, पावलं हे सगळं नंतर स्टुडिओत. ज्या गोष्टींना लोक हसतात त्या बहुतेक पैशातून आल्या आहेत, आणि त्या मर्यादेत गंगू रामसे यांनी काही फ्रेम इतक्या सुंदर लावल्या आहेत की मी नव्या मुलांना थांबवून दाखवतो. वाड्याच्या जिन्यावरचा निळा उजेड आणि खाली लाल, असं साधं काहीतरी. पण नजर बरोबर जिथे भुताची वाट बघायची तिथेच जाते.

'सत्या'त कॅमेरा लहान खोल्यांत माणसांच्या इतका जवळ आहे की भिंतींचा पोपडा दिसतो. तोही फार पैसेवाला सिनेमा नव्हता. मोठे तारे नव्हते.

डोंबिवली_फास्ट_नाही

'सत्या'तला माझा प्रसंग: टोळीच्या पाठीशी असलेला पुढारी, ज्याला सगळे भाऊ म्हणतात, निवडणूक जिंकलेला असतो, सगळे खुशीत, आणि भाऊ भिकूला गोळी घालतो. ना पार्श्वसंगीताची तयारी, ना शेवटचा संवाद. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा थिएटरात एक क्षण कोणाला काही कळलंच नाही. नंतरच्या सगळ्या गँगस्टरपटांत माणूस मरायला पाच मिनिटं घेतो.

आणि प्यारी, भिकूची बायको! भिकू तिच्यावर हात उचलतो, तीही सोडत नाही. त्या घरात प्रेम आहे आणि मारहाणही आहे, दोन्ही खरं वाटतं. शेफाली शाहचं काम कमी वेळाचं, पण भिकूचं घर तिच्यामुळेच उभं राहतं.

कांदेपोहे_२

+१. मी आधीच म्हटलं होतं.

चिंतातुर_जंतू_पुणे

मला या सगळ्यात 'अर्धसत्य' (१९८३) पुढे ठेवायचा आहे. श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही कथा, पटकथा विजय तेंडुलकरांची, कविता दिलीप चित्र्यांची, दिग्दर्शन गोविंद निहलानींचं. आणि रामा शेट्टी झालेले सदाशिव अमरापूरकर. हा गुंड ओरडत नाही, पिस्तूल काढत नाही. घरच्या कपड्यांत बसून मऊ आवाजात बोलतो, आणि समोरचा इन्स्पेक्टर वेलणकर उभ्या उभ्या लहान होतो. सत्ता त्याच्याकडे आहे हे दोघांनाही माहीत असतं. नंतरच्या सिनेमांनी गुंडाला मोठं करण्यासाठी किती सामान वापरलं! तिथे एक खुर्ची पुरली.

धागाकर्त्यांचा मुद्दा मात्र इथे जरा अडतो. 'अर्धसत्य'मध्ये भीती जागेची नाही. कायदा कोणाच्या घरी बांधलेला आहे, हे कळल्याची आहे. लालबागकर म्हणतात ते कारणांचं जग यात जास्त आहे.

मुरुडचा_वारा

आणि तेच अमरापूरकर पुढच्याच वर्षी 'पुराना मंदिर'मध्ये! ललिता पवारसुद्धा आहेत. म्हणजे एक वर्ष निहलानी, दुसऱ्या वर्षी रामसे. कलाकारांनी कधी पंगती वेगळ्या केल्या नव्हत्या.

पडद्यामागून

हे मला लिहायचं होतं आणि तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं लिहिलंत. असेच दुसरे नाव अनिरुद्ध अगरवाल. सामरी तेच. रुरकीला स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेले. 'बंद दरवाजा'तला (१९९०) नेवलाही तेच, आणि १९९४ च्या 'बँडिट क्वीन'मधला डाकू बाबू गुज्जरही तेच. सामरी बघून हसणारी माणसं बाबू गुज्जर बघताना हसत नाहीत. चेहरा, उंची, डोळे तेच. मग सामरीच्या वेळी अभिनय नव्हता असं कसं म्हणायचं?

चिंतातुर, खुर्चीचा मुद्दा मान्य. पण ती खुर्ची कुठल्या घरात आहे हे आपल्याला दिसतं, म्हणूनच ती काम करते, असं मी अजूनही म्हणेन.

अलिबागचा_पांढरा_कांदा

अवांतर: गँगस्टरपट आणि रायगड जिल्हा म्हणजे 'अग्निपथ' (१९९०) आलाच पाहिजे. नायक विजय दीनानाथ चौहान, गाव मांडवा. आता भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट येते. बिचाऱ्याला गाडी घेऊन तासाभरात घरी जाता आलं असतं, एवढा सूड घ्यायची वेळच आली नसती.

बच्चनने त्यात आवाज बदलला होता, लोकांना कळेना म्हणून नंतर पुन्हा डबिंग केलं. मला तो पहिला खरखरीत आवाज जास्त आवडला होता.

निशाचर

कोणी 'झपाटलेला'चं (१९९३) नाव कसं काढलं नाही? दोन्ही विषय एकाच सिनेमात! तात्या विंचू मुळात गुंडच आहे. पोलिसांच्या गोळीने मरताना मृत्युंजय मंत्र म्हणून बाहुल्यात शिरतो. म्हणजे गँगस्टरपट सुरू होतो आणि भयपट होऊन संपतो. कल्पनेचं मूळ अमेरिकेतल्या 'चाइल्ड्स प्ले'मध्ये (१९८८) आहे, ते सगळ्यांना माहीत आहे. पण दिलीप प्रभावळकरांचा आवाज आणि रामदास पाध्यांचा बाहुला यांनी ते इतकं आपलं केलं की माझ्या मुलीने बाहुल्या कपाटात कोंडून ठेवल्या होत्या. तिच्यासाठी सामरी कोण आणि भिकू कोण! तात्या विंचू हा एकच गुंड तिने ऐकलेला.

सांगोल्याचा_तंबू

ओम फट् स्वाहा!! आमच्या तंबूत लक्ष्याला टाळ्या आन् तात्याला शिट्ट्या. त्या दिवशी बायकांची बाजू बी भरलेली. अपर्णाताई, बघा, आंघोळ नसली तरी तंबू भरतो. तुमचा मुद्दा तिथं सिद्ध झाला.

अपर्णा_ठाणे

दादा, हे तुम्ही बोललात म्हणून बरं वाटलं. हेच म्हणायचं होतं. स्वस्तात भीती घालता येते, घरच्या सगळ्यांना घेऊन.

आणि मागे जायचं तर 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६). काशिनाथ घाणेकर आणि आशा काळे. सुधीर मोघे यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. 'काजळ रातीनं ओढून नेला' ऐकताना मला अजून दिवा लावावासा वाटतो. तिथे तर राक्षसच नाही. एक गाणं, काळोख आणि बाईच्या मनावरचं दडपण. माझं उत्तर हेच, धागाकर्ते.

पिट्सबर्गचा_पक्या

स्वस्त भयपट म्हटल्यावर माझ्या सध्याच्या गावाचं नाव घ्यायलाच हवं. जॉर्ज रोमेरोचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) इथलाच. जाहिरातपट करणाऱ्या मित्रांनी पैसे गोळा करून, सव्वा लाख डॉलरच्याही आत, पेनसिल्व्हेनियातल्या एका शेतघरात केला. कृष्णधवल, त्यामुळे रक्ताला चॉकलेटचं सिरप चाललं. वितरकांनी ऐनवेळी नाव बदललं आणि नव्या शीर्षकपाटीवर स्वामित्वहक्काची सूचना टाकायची राहून गेली. त्या वेळच्या अमेरिकी कायद्याने सिनेमा सगळ्यांचा झाला. कोणीही छापावा, कोणीही दाखवावा. करणाऱ्यांचं नुकसान झालं, पण तो घराघरांत पोचला.

रामसेंशी तुलना करताना मला फरक जाणवतो. रोमेरोच्या सिनेमात कृष्णवर्णीय नायक रात्रभर जिवंत राहतो आणि सकाळी वाचवायला आलेल्या माणसांची गोळी लागून मरतो. १९६८ मध्ये हे बघणाऱ्याला बाहेरचं जग आठवल्याशिवाय राहिलं नसेल. रामसेंच्या सिनेमात बाहेरचं जग कधी आत येत नाही. शाप राजाच्या घराण्याला, भूत वाड्यात, त्रिशूळ मंदिरात. तिथेच सुरू, तिथेच खलास. म्हणून भीती घरी येत नाही असं माझं मत. लालबागकरांची गँगस्टरपटांबद्दलची तक्रार आणि माझी ही तक्रार एकच आहे.

लालबागकर

पक्या, अगदी.

रीळ_आणि_रंग

पूर्ण सहमत नाही. मालक गेलेला वाडा, उरलेला चौकीदार, शहरातून आलेले वारस आणि आजोबांनी केलेल्या पापाचं देणं. हे कोकणातल्या किंवा देशावरच्या माणसाला बाहेरचं वाटत नाही. वाटण्या रखडलेल्या किती घरांत हीच गोष्ट भुताशिवाय चालू आहे! रामसेंना ते ठरवून करायचं होतं असा माझा दावा नाही. पण प्रेक्षकाने ते घेतलं. राही बर्वे यांच्या 'तुंबाड'ने (२०१८) त्याच मातीतून, पूर्ण भान ठेवून, लोभाची गोष्ट काढली. भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांच्या वाचकांना तो वाडा ओळखीचा होता.

डोंबिवली_फास्ट_नाही

या सगळ्यात राम गोपाल वर्मा राहिलाच की. 'रात' (१९९२), मग 'सत्या', 'कंपनी' (२००२), लगेच 'भूत' (२००३). एकच माणूस दोन्ही करतोय आणि पद्धत तीच. 'भूत'मध्ये वाडा नाही, मुंबईतल्या इमारतीतला फ्लॅट आहे. लिफ्ट, रिकामा पॅसेज, चौकीदार. मी तेव्हा नवव्या मजल्यावर राहायचो आणि बरेच दिवस जिन्याने गेलो. पक्याच्या भाषेत, ती भीती घरी आली. धागाकर्त्यांचं 'जागा' हे उत्तर इथे चपखल बसतं.

शॉर्टकट_शिंदे

सगळे चांगलं लिहितायत, पण एक विचारतो. गँगस्टरपटांनी गुंडांना मोठं केलं त्याचं काय? गुंड मन्या सुर्वे ११ जानेवारी १९८२ ला वडाळ्याला पोलिसांच्या गोळीने मेला. २०१३ ला त्याच्यावर सिनेमा आला आणि आमच्या भागातल्या पोरांच्या गाड्यांवर त्याचं नाव दिसायला लागलं. सामरीचं नाव गाडीवर कोणी लावत नाही. भयपट निदान निरुपद्रवी आहेत.

लालबागकर

शिंदे, माझ्या जिन्यावरच्या पोरांपैकी दोघे आज नाहीत. त्यामुळे तुमचा प्रश्न मला लागतो. पण 'वास्तव'मध्ये शेवटी आईच मुलाला गोळी घालते, हे बघून आमच्या चाळीतल्या बायका रडत बाहेर आल्या होत्या. त्यांनी त्यात मोठेपणा पाहिला नाही. पोरांनी मात्र त्याच सिनेमातली गळ्यातली सोन्याची साखळी पाहिली. सिनेमा एकच. म्हणून मला कारणं दाखवणारा सिनेमा हवा आहे. साखळी कुठून आली आणि त्या आधी घरात काय नव्हतं, हे दोन्ही.

चिंतातुर_जंतू_पुणे

हा धाग्यातला सगळ्यात चांगला प्रतिसाद.

पडद्यामागून

लालबागकर, याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि घाईने द्यायचंही नाही. 'जागा' म्हणताना मी चाळीच्या भिंती मोजत होतो, तुम्ही आतली माणसं मोजलीत.

येत्या शनिवारी आमच्या घरी चार-पाच जण जमणार आहोत. मुरुडकरांनी दाखवलेल्या योगायोगामुळे कार्यक्रम ठरला: अमरापूरकर रात्र. आधी 'अर्धसत्य', मग 'पुराना मंदिर'.

अपर्णा_ठाणे

क्रम उलटा करा. 'अर्धसत्य'नंतर कोणाला सामरी बघायची इच्छा उरणार नाही. आणि आंघोळ आली की पुढे ढकला.

सांगोल्याचा_तंबू

ढकलू नका, चहा ठेवा तेवढ्यात. आन् मच्छरसिंग आला की परत या.